लेखी प्रश्न असा लिहा, की ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणताच येऊ नये

विधानमंडळाचं अधिवेशन संपून आठवडा झाला होता. एका दुर्गम तालुक्यातल्या सरपंचताईंचा फोन आला, ‘‘दादा, आपल्या दवाखान्याचा प्रश्न लागला का हो?’’ लागला होता. अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नांच्या छापील यादीत उत्तरही आलं होतं. आमचे चार भाग आणि शासनाच्या दोन ओळी: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

त्या दवाखान्यात सात महिने डॉक्टर नव्हता. कुलूप लावलेली तपासणीची खोली मी स्वतः पाहिली होती. तरीही कागदावर ते उत्तर बरोबर होतं. गावाचं नाव आम्ही लोकांच्या तोंडी असतं तसं लिहिलं होतं आणि आरोग्य केंद्राची सरकारी नोंद शेजारच्या महसुली गावाच्या नावावर होती. आम्ही लिहिलेल्या गावात केंद्रच नव्हतं. पहिला भाग पडला आणि पुढचे तिन्ही ‘असल्यास’ किंवा ‘नसल्यास’ने सुरू होत असल्यामुळे त्याच्यासोबत गेले. ताईंना हे समजावून सांगताना मला फार वाईट वाटलं. त्यांनी दिलेली माहिती खरी होती, चुकलं होतं आमचं लिहिणं.

तेव्हापासून लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात बसून जे शिकलो, ते इथे मांडतो आहे. आमदार-खासदारांचे स्वीय सहायक, मसुदा करून देणारे कार्यकर्ते आणि आपल्या भागातला विषय प्रतिनिधीमार्फत सभागृहात नेऊ पाहणारे नागरिक, अशा सगळ्यांना याचा उपयोग व्हावा.

तारांकित की अतारांकित?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं आणि सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं. त्यावर तिथल्या तिथे काही विचारता येत नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ वाजता सुरू होतो, राज्यसभेचा २०१४ पासून दुपारी १२ वाजता.

नव्या सदस्याला साहजिकच तारांकित प्रश्न हवा असतो. मंत्र्यांना समोरासमोर विचारता येतं, वाहिन्यांवर दिसतं. पण तासाभरात वीसपैकी मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. उरलेल्यांना लेखी उत्तरच मिळतं. मंत्र्यांची भूमिका सर्वांसमोर वदवून घ्यायची असेल, तर तारांकित प्रश्न द्यावा. आकडे, तारखा, यादी, जिल्हानिहाय तक्ता हवा असेल, तर अतारांकितच द्यावा. वीस रकान्यांचा तक्ता कोणी तोंडी वाचून दाखवत नाही, लेखी उत्तराला मात्र तो परिशिष्ट म्हणून जोडला जातो आणि कायमचा नोंदीत राहतो.

इतिहासातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. कायदेमंडळात सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने दिला, पण उपप्रश्न विचारायची मुभा नव्हती. ती १९०९ च्या कायद्याने आली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्यापुरती. अतारांकित प्रश्न लिहिताना आपण आजही १८९२ सालीच आहोत असं समजावं. उपप्रश्न नाही, तेव्हा जे विचारायचं ते पहिल्याच कागदावर आलं पाहिजे.

आधी दार ओळखा

कोणता विषय कोणाच्या अखत्यारीत येतो, हे न पाहता लिहिलेले प्रश्न सर्वांत जास्त वाया जातात. सार्वजनिक आरोग्य, पोलीस, शेती हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीतले विषय. एखाद्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, हे खासदाराने लोकसभेत विचारलं, तर एक तर प्रश्न स्वीकारला जात नाही, नाही तर ‘हा राज्याचा विषय आहे’ एवढ्यावर उत्तर संपतं.

पण दवाखाना तोच ठेवून लोकसभेतही विचारता येतं, फक्त दार बदलावं लागतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र आणि महाराष्ट्रासारखी राज्यं ६०:४० या प्रमाणात उचलतात. म्हणून खासदाराने विचारावं, की या अभियानातून गेल्या तीन आर्थिक वर्षांत राज्याला कंत्राटी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी किती रक्कम मंजूर झाली, किती दिली गेली, राज्याने किती खर्च केली आणि किती अखर्चित राहिली. त्याच आठवड्यात आमदाराने विधानसभेत केंद्रनिहाय रिक्त पदं विचारावीत. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली, की पैसे नव्हते की पैसे असून माणूस नेमला नाही, हे कळतं. आमदार आणि खासदार वेगवेगळ्या पक्षांचे असले तरी त्यांच्या कार्यालयांनी एवढी देवाणघेवाण जरूर करावी.

राज्यातही खातं नीट पाहावं. आश्रमशाळेतल्या मुलांच्या आजारपणाचा प्रश्न आदिवासी विकास खात्याकडे जातो, पण तिथे तपासणीला जाणारं पथक आरोग्य खात्याचं असतं. कोणत्या मंत्र्यांना उद्देशून लिहायचं, हे आपल्याला माहिती हवी की कारवाई, यावर ठरवावं.

लिहिण्याआधीचा अभ्यास

प्रश्न विचारण्याआधी उत्तराचा निम्मा भाग आपल्याला माहीत असावा. वकील साक्षीदाराला विचारतो, तसं हे काम आहे.

सर्वांत आधी जुनी उत्तरं वाचावीत. लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर ती विषयवार शोधता येतात. आधीच उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा विचारता येत नाही, म्हणून हे पाहणं भागच आहे. खरा फायदा मात्र वेगळा आहे. जुन्या उत्तरात खात्याची स्वतःची परिभाषा सापडते. लोक ज्याला ‘डॉक्टर नाही’ म्हणतात, त्याला खातं ‘वैद्यकीय अधिकारी गट-अ हे पद रिक्त’ म्हणतं. खात्याच्या शब्दांत विचारलं, तर खात्याला शब्दावरून निसटता येत नाही.

मग शासन निर्णय काढावेत. योजना कोणत्या तारखेच्या निर्णयाने सुरू झाली, त्यात मुदत किती, जबाबदारी कोणावर टाकली आहे, हे सगळं तिथे असतं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक आणि डोंगराळ व आदिवासी भागात २० हजारांना एक असा आहे. तो माहीत असेल, तर ‘केंद्रं अपुरी आहेत’ असं मोघम लिहायची वेळ येत नाही. महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि अर्थसंकल्पातल्या खातेनिहाय मागण्याही चाळाव्यात.

हाताशी वेळ असेल, तर आधी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. २००५ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणजे दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात ते हाती येतं. मी तर म्हणेन, जी माहिती अर्जाने मिळते तिच्यावर प्रश्न खर्च करूच नये. अर्जातून आकडा मिळवावा आणि त्या आकड्याचा जाब प्रश्नातून विचारावा.

शेवटी गावात फोन लावून खात्री करावी. महसुली गावाचं नाव, संस्थेचं नोंदीतलं नाव, रस्त्याचा क्रमांक, आदेशाची तारीख. शक्य असेल तर केंद्रावरच्या फलकाचा फोटो मागवावा. सरपंचताईंच्या प्रश्नानंतर मी हे कधीच चुकवलं नाही.

मसुदा

विधानमंडळात रूढ असलेला साचा सगळ्यांना पाठ असतो. तो वापरून केलेला आमचा पहिला मसुदा साधारण असा होता (गावा-तालुक्याचं नाव गाळलं आहे):

सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-
(१) … तालुक्यातील … येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्याने रुग्णांचे अतोनात हाल होत असून नागरिकांमध्ये तीव्र संताप व्यक्त होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय,
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

कानाला हे भारदस्त वाटतं, पण यात विचारलेलं जवळजवळ काहीच नाही. ‘अतोनात हाल’ आणि ‘तीव्र संताप’ हे मोजता येत नाहीत. पहिल्या भागात तीन विधानं एकत्र बांधली आहेत आणि त्यातलं एक जरी डळमळीत असलं, तरी ‘हे खरे नाही’ लिहिता येतं. त्यानंतरचं सगळं पहिल्या भागाच्या ‘होय’वर टांगलेलं. चौकशी झालीच नसेल, तर तिसऱ्या भागालाही उत्तर नाही. माझ्या मते आपल्याकडच्या लेखी प्रश्नांचं सर्वांत मोठं दुखणं हेच आहे. प्रत्येक भाग आधीच्या भागाच्या खांद्यावर उभा असतो. पहिला खाली बसला, की सगळे पडतात.

पुढच्या अधिवेशनात तोच विषय आम्ही असा लिहिला:

(१) दिनांक ३१ मार्च रोजी … तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, त्यावर नियमित व कंत्राटी अधिकारी प्रत्येकी किती आणि रिक्त पदे किती व कोणत्या दिनांकापासून रिक्त आहेत,
(२) उक्त दिनांकास नियुक्त अधिकाऱ्यांपैकी प्रतिनियुक्तीने अन्यत्र कार्यरत, दीर्घ रजेवर व अनधिकृत गैरहजर असे प्रत्येकी किती, तसेच प्रतिनियुक्ती कोणाच्या आदेशाने व किती मुदतीसाठी आहे,
(३) मागील दोन आर्थिक वर्षांत उक्त केंद्रांमध्ये झालेल्या प्रसूतींची केंद्रनिहाय व वर्षनिहाय संख्या किती,
(४) रिक्त पदे भरण्याचा प्रस्ताव कोणत्या दिनांकास सादर झाला, तो सध्या कोणत्या स्तरावर आहे व पदे कोणत्या दिनांकापर्यंत भरण्यात येतील ?

यात एकही ‘असल्यास’ नाही. कोणताही भाग वेगळा काढला तरी तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. विशेषणं गेली, तारीख आली. गावाऐवजी ‘तालुक्यातील प्रत्येक केंद्र’ घेतल्यामुळे नावाच्या घोळालाही जागा उरली नाही.

सर्वांत महत्त्वाचा दुसरा भाग. पहिला भाग एकटा असता, तर उत्तर आलं असतं, ‘सर्व पदे भरलेली आहेत.’ ते कागदावर खरंही असतं, कारण नेमणूक त्या केंद्रावर असलेला डॉक्टर प्रतिनियुक्तीने जिल्ह्याच्या ठिकाणी काम करत असला, तरी पद भरलेलंच दिसतं. ‘भरलेले’ आणि ‘प्रत्यक्ष कार्यरत’ या दोन शब्दांमध्ये त्या गावातल्या बाळंतिणींचं नशीब अडकलेलं असतं. प्रत्येक खात्यात अशी एक जोडी असते. ‘मंजूर निधी’ आणि ‘वितरित निधी’ आणि ‘खर्च झालेला निधी’. ‘नळजोडणी दिली’ आणि ‘नळाला पाणी येतं’. ‘प्रवेशित विद्यार्थी’ आणि ‘उपस्थित विद्यार्थी’. ‘अर्ज निकाली काढले’ आणि ‘अर्ज मंजूर केले’. आपल्या विषयातली ही जोडी शोधावी आणि दोन्ही शब्द प्रश्नात घालावेत.

तिसऱ्या भागाबद्दल सहकाऱ्यांशी वाद झाला होता. डॉक्टरांच्या प्रश्नात प्रसूतींचा आकडा कशाला? पण डॉक्टर आहेत की नाहीत, याचा पुरावा शेवटी कामातच दिसतो. ज्या केंद्रात कागदावर दोन डॉक्टर आणि वर्षभरात तीन प्रसूती, तिथे पुढे काय विचारायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

‘हे खरे आहे काय’ हा साचा मोडणं शक्य नसेल, तर त्यात एकच विधान घालावं आणि तेही कागदाने सिद्ध होणारं. ‘अमुक क्रमांकाच्या आदेशाने अमुक पदावर झालेली नियुक्ती अमुक दिनांकास रद्द झाली, हे खरे आहे काय’ याला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नये. कोणता अंश खरा आणि कोणता नाही, हा पुढचा प्रश्न त्या उत्तरानेच हातात दिलेला असतो.

नियमांची चाळणी

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतला नियम ४१ प्रश्न कसा नसावा हे सांगतो. प्रश्न साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, निष्कर्ष, उपरोध, आरोप, बदनामीकारक मजकूर नको. मत विचारू नये, काल्पनिक परिस्थितीवर विचारू नये. एका उत्तरात मावणार नाही एवढं मोठं धोरण विचारू नये. न्यायप्रविष्ट बाब, क्षुल्लक बाब, सहज उपलब्ध दस्तऐवजात असलेली माहिती, हेही नको. शिवाय प्रश्नात एखादं विधान केलं, तर त्याच्या खरेपणाची जबाबदारी सदस्याची.

धोरणावर प्रश्न विचारणाऱ्यांचा अडथळा बहुधा ‘मत विचारू नये’ आणि ‘फार मोठं धोरण नको’ इथे येतो. ‘शासन कंत्राटी भरतीचं धोरण योग्य समजते काय’ हा प्रश्न गळतो. ‘गेल्या पाच वर्षांत नियमित व कंत्राटी पदांची संख्या वर्षनिहाय किती, कंत्राटी भरतीच्या परिणामांचं मूल्यमापन कोणत्या संस्थेकडून व केव्हा करून घेतलं, त्याचा अहवाल पटलावर ठेवणार काय’ हा टिकतो आणि धोरणाच्या मुळाशीही जातो. मूल्यमापन झालंच नसेल तर तेही लेखी मिळतं.

पैसा, हितसंबंध आणि सही

मसुदा कोणी आणून दिला, हे पाहिल्याशिवाय त्यावर सदस्याची सही होऊ देऊ नये. कंपन्या, ठेकेदार, प्रतिस्पर्धी ठेकेदार असे सगळेच तयार प्रश्न घेऊन येतात. त्यातले काही खरेही असतात. पण १९५१ मध्ये हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर बॉम्बे बुलियन असोसिएशन या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या बाजूने प्रश्न विचारल्याचा ठपका आला आणि निष्कासनाच्या ठरावावर चर्चा चालू असताना त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याला निष्कासित करण्यात आलं.

म्हणून आमच्या कार्यालयात प्रत्येक प्रश्नाच्या पहिल्या पानावर तो कोणाच्या तक्रारीवरून आला आणि कागदपत्रं कोणी दिली, हे लिहिलेलं असे. सदस्याने स्वतः वाचल्याशिवाय प्रश्न जात नसे. ऑनलाइन सूचना देण्याचा पासवर्ड सदस्याकडेच असावा, हे आता वेगळं सांगायला नको.

सूचना देण्याचे दिवस

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण म्हणजे सूचनेचा दिवस आणि उत्तराचा दिवस सोडून. २० तारखेला उत्तर हवं असेल, तर ४ तारखेपर्यंत सूचना गेली पाहिजे. मंत्रालयांचे गट पाडून प्रत्येक गटाला आठवड्याचा ठरावीक वार दिलेला असतो, त्यामुळे तारीख निवडताना आपलं मंत्रालय कोणत्या वारी येतं ते आधी पाहावं. एका सदस्याला एका दिवसासाठी तारांकित आणि अतारांकित मिळून पाच सूचना देता येतात. सूचना जागांपेक्षा जास्त आल्या, की क्रम सोडतीने ठरतो. महाराष्ट्र विधानमंडळाच्या तारखा अधिवेशनागणिक सचिवालयाच्या पत्रकात येतात. ते पत्रक हाती पडताच भिंतीवर लावावं.

सोडत आपल्या हातात नाही, तयारी आहे. अधिवेशनाची घोषणा झाल्यावर मसुदे लिहायला बसणाऱ्या कार्यालयात घाईचे प्रश्न निघतात. आम्ही वर्षभर एक फाईल चालू ठेवत असू. गावभेटीहून आलं, की त्याच संध्याकाळी एक मसुदा तिच्यात पडे.

मंत्रालयात काय घडतं

प्रश्न स्वीकारला गेला, की तो खात्यातल्या संबंधित कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. तो क्षेत्रीय कार्यालयांकडून माहिती मागवतो. आरोग्य केंद्राच्या प्रश्नात ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडून वर येते. मग टिपणी तयार होते आणि उपसचिव, सचिव अशा पायऱ्या चढून मंत्र्यांच्या मान्यतेला जाते. दिवस थोडे असतात आणि त्या कक्ष अधिकाऱ्याकडे असे अनेक प्रश्न एकाच वेळी आलेले असतात.

हे माहीत असलं, की मसुदा आपोआप सुधारतो. तीस जिल्ह्यांची दहा वर्षांची माहिती मागितली, तर ती जमा होत नाही आणि उत्तर मोघम येतं. एक तालुका आणि दोन वर्षं मागितली, तर अधिकारी ती देऊ शकतो. कोणत्या नमुन्यात माहिती हवी ते सुचवलं, तर त्याचंही काम सोपं होतं. उत्तर लिहिणारा माणूस आपला शत्रू नाही. कित्येकदा त्यालाही ती रिक्त पदं वरच्यांच्या नजरेस आणायची असतात आणि आपल्या प्रश्नामुळे त्याला तसं कारण मिळतं. नुसता प्रश्न स्वीकारला गेल्याची बातमी पोहोचली, तरी उत्तराच्या आधीच एखादी प्रतिनियुक्ती रद्द झाल्याचं मी पाहिलं आहे.

उत्तर वाचण्याची रीत

उत्तर आलं, की आपला प्रश्न शेजारी ठेवून भागवार वाचावं. संसदेच्या उत्तरांमध्ये बरेचदा ‘(क) ते (ङ)’ असं सगळं एकत्र करून एक लांब परिच्छेद दिलेला असतो. त्यात योजनेचं वर्णन असतं, मार्गदर्शक सूचना असतात, आणि तिसऱ्या भागात विचारलेला आकडा मात्र कुठेच नसतो. न दिलेल्या उत्तरावर लाल शाईने खूण करावी. पुढचा प्रश्न तिथेच असतो.

दोन वाक्यं सारखी दिसतात, पण त्यांच्यात फार अंतर आहे. ‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’ हे आश्वासन आहे. ‘बाब विचाराधीन आहे’ हेसुद्धा आश्वासनच धरलं जातं. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे आणि आश्वासन साधारण तीन महिन्यांत पुरं करावं अशी अपेक्षा असते. विधानमंडळातही अशी समिती आहे. तारीख लिहून ठेवावी आणि तीन महिने होताच समितीला पत्र द्यावं.

दुसरं वाक्य म्हणजे ‘अशी माहिती ठेवली जात नाही’. इथे आश्वासन नाही, दार बंद होतं. पण ते दारही नोंदीत बंद होतं. १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत टाळेबंदीत घरी परतताना मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल विचारलेल्या प्रश्नाला कामगार मंत्रालयाने लेखी उत्तर दिलं, की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त लेखी उत्तरं चालू होती. तरी त्या दोन ओळींवर देशभर चर्चा झाली. मोजदाद नाही, हीच सर्वांत मोठी माहिती होती. असं उत्तर आलं, की पुढे विचारावं: ही नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणत्या कायद्याने कोणावर आहे? या उदाहरणात १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता आणि त्याखालच्या नोंदणीची आकडेवारी मागता येत होती.

उत्तरानंतर

उत्तरातून मुद्दा स्पष्ट झाला नसेल, तर लोकसभेत नियम ५५ खाली अर्धा तास चर्चा मागता येते. ती लेखी उत्तरावरूनही मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तीन दिवस आधी सूचना, सोबत कारणांची टिपणी आणि आणखी किमान दोन सदस्यांच्या सह्या लागतात. उत्तरात चूक आहे असं कागदाने दाखवता येत असेल, तर अध्यक्षांच्या निदेशांपैकी निदेश ११५ खाली अध्यक्षांना लिहिता येतं. इथे पुरावा पक्का हवा, नुसता संशय पुरत नाही.

चिकाटीने विचारलेल्या प्रश्नांनी काय होतं, याचं जुनं उदाहरण मुंध्रा प्रकरणाचं. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. विषय लोकसभेत प्रश्नांमधून आला आणि खासदार फिरोज गांधींनी तो लावून धरला. न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्या सदस्यांनी पहिल्या उत्तरावर समाधान मानलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

पुढच्या अधिवेशनात तोच विषय आणताना कालावधी बदलावा, म्हणजे पुनरावृत्ती होत नाही, आणि मागच्या उत्तराचा क्रमांक व दिनांक जोडावा: ‘अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात नमूद केलेली पदे अद्याप भरली आहेत काय व कोणत्या दिनांकास.’ आता विधान आपलं राहत नाही, शासनाचंच असतं. ‘हे खरे नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

आमच्या दुसऱ्या प्रश्नाला दोन पानांचं परिशिष्ट आलं. तालुक्यातली सगळी केंद्रं, पदं, नावांऐवजी संख्या, आणि दुसऱ्या भागात प्रतिनियुक्तीच्या आदेशांच्या तारखा. त्याच्या छायाप्रती काढून सगळ्या सरपंचांना पोस्टाने पाठवल्या. ताईंनी आपली प्रत केंद्राच्या दर्शनी भागात, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी चिकटवली आणि दर सोमवारी ओपीडीच्या वेळी तिथे उभं राहून कागदावर लिहिलेला माणूस खुर्चीत आहे का ते पाहू लागल्या. नसला, की त्या दिवसाची तारीख वहीत लिहायच्या. तिसऱ्या प्रश्नाचा पहिला भाग आम्ही त्या वहीवरून लिहिला.